पालथा हिवाळा

आमच्या शिक्रापूरच्या घरातून हमरस्ता दिसत नाही, ऐकू येतो. दिवसभर कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या. त्या आवाजाची आता सवय झाली आहे. पण दिवाळी सरली, थंडी पडू लागली की त्यात एक वेगळा आवाज मिसळतो, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा, दमलेला, अडखळत चढणारा. आणि त्याच्या पाठोपाठ वास येतो तोडलेल्या उसाचा. किंचित आंबूस, ओल्या पाचटाचा. शेजारच्या वहिनी म्हणतात, किती छान वाटतं ना, गावाकडची आठवण येते. मी मात्र गॅलरीचं दार लावून घेते, आणि मग आत उभी राहून तोच वास शोधत राहते.

या वासात माझा एक हिवाळा आहे. तो आम्ही न्हावऱ्याला काढला, माझ्या सासरी. त्या हिवाळ्यात माझा नवरा जमिनीकडे तोंड करून पडून होता.

संदीप पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन करतो. दीर्घिका कशा जन्मतात, कशा वाढतात, हा त्याचा विषय. पण तो दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही, त्याचं सगळं काम कॉम्प्युटरवर. लग्नाची बोलणी करायला तो दौंडला आमच्या घरी आला तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला विचारलं होतं, म्हणजे नक्की काय करता? वडील रेल्वेत होते, त्यांना गोष्टी सरळ लागायच्या. संदीपने जमेल तितकं सरळ सांगितलं. विश्व अगदी तान्हं होतं तेव्हा सगळं द्रव्य जवळजवळ सारखं पसरलेलं होतं, कुठे कणभर जास्त, कुठे कणभर कमी. तेवढं कॉम्प्युटरला सांगायचं, निसर्गाचे नियम द्यायचे आणि काळ चालू करायचा. जिथे कणभर जास्त होतं तिथे आणखी गोळा होत जातं. वायू आत पडतो, थंड होतो, तारे पेटतात. मोठे तारे फुटतात. छोट्या दीर्घिका मोठ्या दीर्घिकांमध्ये मिसळतात. शेवटी जे तयार होईल ते खऱ्या आकाशाशी ताडून बघायचं. जमलं तर आपल्याला थोडंफार कळलं असं समजायचं, नाही जमलं तर कुठे चुकलं ते शोधायचं. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण नोकरी पर्मनंट आहे ना?"

मी तेव्हा आतून चहा घेऊन येत होते. मला हसू आलं आणि त्यालाही. आमचं लग्न त्या हसण्यावर ठरलं असं मी अजून मानते. बाकी तो काय म्हणाला त्यातलं मला काहीच कळलं नव्हतं, आणि पुढे बरीच वर्षं मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. मी शाळेत मराठी शिकवते. त्याचं आकाश त्याच्याकडे, माझं व्याकरण माझ्याकडे.

संदीपचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. ज्वारी काढताना कापलेल्या धाटाचं टोक लागलं होतं. डाव्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, आणि त्या एका डोळ्यावर त्याने न्हावऱ्याच्या शाळेपासून परदेशापर्यंतचं शिक्षण केलं. त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला तो मला म्हणाला, नजरेच्या कडेला सारखी वीज चमकल्यासारखं होतंय. मग काळे ठिपके आले. मग एका सकाळी दाढी करता करता तो थांबला आणि म्हणाला, खालून काहीतरी वर येतंय, काळं. आरशात माझी हनुवटी दिसत नाहीये.

पुण्यातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी ऑपरेशनला घेतलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. तो जागेवर बसवून त्यांनी डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. तो बुडबुडा आतून पडद्याला दाबून धरणार, आणि पडदा चिकटेपर्यंत तसाच राहणार. पण बुडबुडा वरच्या बाजूला जातो, आणि पडदा तर डोळ्याच्या मागच्या बाजूला. म्हणून पेशंटने पालथं राहायचं. जेवताना, बसताना, अंघोळ करताना मान खाली. झोपायचं तेही पालथंच. किती दिवस, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, मी सांगेपर्यंत.

सासूबाई दवाखान्यातच म्हणाल्या की न्हावऱ्याला चला. त्यांना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. शिक्रापूरच्या दुसऱ्या मजल्यावर ट्रकच्या आवाजात तू एकटी त्याला कशी सांभाळशील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. मी शाळेत रजा टाकली.

मामांनी आम्ही पोचायच्या आधीच पडवीत खाट तयार ठेवली होती. नवारीची जुनी खाट. तिच्या डोक्याकडच्या पट्ट्या सोडून त्यांनी तोंडापुरती जागा केली होती आणि त्या भोवती धोतराच्या मऊ घड्या शिवून घेतल्या होत्या. संदीप त्यात तोंड घालून पालथा पडला. खाली शेणाने सारवलेली जमीन. आत्या खाटेखाली एका पाटावर चहाचा कप ठेवायच्या, त्यात नळी. तो चहा ओढायचा तेव्हा खाटेखालून आवाज यायचा. बोलायचा तेव्हाही त्याचा आवाज खाटेखालून, जमिनीलगत यायचा, आणि वर फक्त त्याची पाठ असायची. त्या दिवसांत त्याचा चेहरा आम्हाला कुणाला धड दिसला नाही. त्याची मान मात्र मला पाठ झाली. डाव्या कानामागचा तीळ, केसांच्या मुळाशी जमलेला घाम, खोटं बोलताना ताठ होणारी ती मधली शीर.

बाहेर ऊस तुटत होता. सकाळी धुकं उसाच्या तुऱ्यांवर लोंबत असायचं आणि ते विरलं की कोयत्यांचा आवाज सुरू व्हायचा. ऊस तुटायला लागला की बिबट्या उघड्यावर येतो, म्हणून मला एकटीला वावरात कुणी जाऊ देत नसे. गावातले लोक संदीपला भेटायला यायचे. खाटेपाशी बसायचे, गुळाचा चहा प्यायचे, हळहळायचे. संदीपला त्यांची फक्त पावलं दिसायची. म्हणजे दिसायची असं तरी कसं म्हणू, बुडबुडा डोळ्यात असेपर्यंत सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं, आकार तेवढे कळायचे. पण तो चपलेच्या करकरण्यावरून, टाचा घासत चालण्यावरून माणूस ओळखायला लागला. "या आप्पा," असं खाटेखालून ऐकू आलं की येणारा दचकायचा. एकदा डेअरीवर दूध घेणारा माणूस गमबूट घालून आला आणि संदीप म्हणाला, "आज फॅट कमी लागली का, पाय लई जड टाकताय." सगळे हसले. आत्या हसल्या नाहीत. त्या पदराने तोंड झाकून आत गेल्या.

आत्यांच्या मनात पक्कं होतं की कॉम्प्युटरनेच डोळा खाल्ला. डॉक्टरांनी दोनदा समजावलं होतं. जन्मापासून नंबर मोठा, असे डोळे आतून ताणलेले असतात, त्याचा कामाशी संबंध नाही. आत्यांनी मान डोलावली आणि पटवून घेतलं नाही. मला कधी बोलल्या नाहीत, पण मी लॅपटॉप उघडला की त्यांच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं.

आणि लॅपटॉप तर मला रोज उघडावा लागत होता.

ऑपरेशनच्या थोडं आधी संदीपने एक मोठा रन लावला होता. रन म्हणजे असं एक विश्व सुरू करणं. ते संस्थेतल्या मोठ्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे चालतं. त्या यंत्रावर सगळ्यांना काम करायचं असतं, म्हणून वाट बघून पाळी मिळवावी लागते. संदीपची पाळी दोन वर्षांनी आली होती. हा रन जमला तर त्याच्या पुढच्या कामाचा पाया पडणार होता. त्याचा सहकारी अनिरुद्ध मागे राहून तो सांभाळत होता. पण त्याला स्वतःचंही काम होतं. तो दर एक-दोन दिवसांनी चित्रं पाठवून द्यायचा, म्हणजे त्या विश्वाचे फोटोच म्हणा, त्या त्या वेळी दीर्घिका कशी दिसतेय याचे. फोनवर नेट घेऊन ती उतरवायला अर्धी सकाळ जायची. मग मी खाटेशेजारी खाली बसायची आणि मला दिसेल ते संदीपला सांगायची.

पहिल्या दिवशी काळ्या पडद्यावर नारिंगी-जांभळे धागे दिसले, आणि धागे जिथे एकत्र येत होते तिथे उजेड. मी म्हटलं, "ताकावर लोणी गोळा व्हायला लागतं ना, तसं."

"लोणी नको," खाटेखालून आवाज आला. "काय दिसतंय ते सांग."

"तेच तर सांगतेय."

"कशासारखं दिसतंय ते सांगतेयस. मधला भाग गोल आहे का लांबट? कडा सलग आहे का तुटक? उजेड मधून कडेला हळूहळू कमी होतो का एकदम?"

मला राग आला. मुलांना अलंकार शिकवणारी बाई मी. पण मी सांगितलं. लांबट आहे. कडा डावीकडे तुटक. उजेड एकदम कमी होतो. तो म्हणाला, "पुढचं."

मी हळूहळू शिकले. चित्र उघडलं की आधी ते शब्दांशिवाय नुसतं पाहायचं, मग मधून कडेकडे जात सांगायचं. संदीप ऐकून ते आपल्या डोक्यात काढायचा. कधी कधी थांबवून तो मला समजावून सांगायचा. हे रंग खरे नसतात, आम्ही देतो, जिथे वायू दाट तिथे उजळ. या धाग्यांमध्ये जे खरं वजन आहे ते दिसतच नाही, ते सगळं न दिसणाऱ्या द्रव्याचं. ही जी शेपटी तू सांगतेयस ती एक छोटी दीर्घिका मोठीच्या जवळून जाताना ओढली गेली त्याची. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला हे सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. आता पडवीत, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसून, कोवळ्या उन्हात पाठ शेकत मी त्याच्या आकाशात शिरत होते. तो म्हणायचा, थांब, ते पुन्हा सांग. मी पुन्हा सांगायची. कधी तो खुशीत येऊन खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, बोटांनी ताल धरायचा. त्या बोटांवरून मला कळायचं की रन बरा चाललाय.

काळजी होतीच. रोज डोळ्यात थेंब घालताना मी त्याची पापणी उचलायची आणि त्या लाल झालेल्या डोळ्याकडे बघून काही कळतंय का ते शोधायची. काही कळत नसे. तो विचारायचा, कसा दिसतोय? मी म्हणायची, लाल आहे, कालच्यापेक्षा कमी. त्याबाबतीत तो अधिक प्रश्न विचारत नसे.

एक दिवस मामांबरोबर मी वावरात गेले होते. कांद्याची लागण चालू होती. बाया वाफ्यात वाकून रोपं लावत होत्या आणि मामा पाण्याचं बारं धरून, एकेका वाफ्यात पाणी सोडत उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याच्या त्या कॉम्प्युटरातल्या आभाळात आपली पृथ्वी हाय का?"

मला माहीत नव्हतं. मी संध्याकाळी संदीपला विचारलं. तो म्हणाला, नाही, इतकं बारीक आम्हाला येत नाही. हजारो सूर्य मिळून आमचा एक ठिपका होतो. दुसऱ्या दिवशी मी मामांना तसं सांगितलं. त्यांनी खोऱ्याने एक ओढ माती वाफ्याच्या तोंडाला लावली.

"म्हंजी तिथं कुणी ऱ्हात न्हाई."

"नाही."

"मंग कुणासाठी चाललंय हे? डोळं कुणापायी घालवायचं?"

मामांनी थांबून उत्तराची वाट बघितली नाही. पाणी पुढच्या वाफ्यात गेलं होतं, ते तिकडे निघाले. पण तो प्रश्न माझ्या मागे लागला. पुढच्या वेळी चित्र उघडलं तेव्हा त्या सगळ्या उजेडात एकही माणूस नाही, एकही झाड नाही, थंडी नाही, वास नाही, हे मला पहिल्यांदा जाणवलं आणि मी थोडी घाबरले. कोट्यवधी वर्षं त्या यंत्रात उलटत होती आणि ती कुणाला सोसावी लागत नव्हती. इथे मात्र पडवीतला एक दिवस सरता सरत नव्हता.

मग तो दिवस आला. चित्र उघडलं आणि मी काही बोलले नाही, कारण मला वाटलं फाइल खराब उतरली आहे. मी पुन्हा उतरवून घेतली. तेच.

"मध्ये काळं आहे," मी म्हटलं.

तो म्हणाला, "आधीच्या चित्रात?"

"उजळ होतं."

"आता उजेड कुठे आहे?"

"बाहेर. कडेकडेने. कडं आहे, पण फाटलेलं. दोन ठिकाणी फाटलंय."

पलीकडे आत्या ज्वारी पाखडत होत्या, तेवढाच आवाज. मग त्याने मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, वर्गात सांगावं तसं. तारे फुटतात तेव्हा किती जोराने वायू बाहेर ढकलतात याचा एक आकडा द्यावा लागतो. तो त्याने जरा जास्त धरला होता. त्यामुळे दीर्घिकेतला सगळा वायू बाहेर फेकला गेला. आता तिच्यात नवे तारे होणार नाहीत. आहेत ते म्हातारे होत विझतील. खऱ्या आकाशात अशा दीर्घिका असतात, पण ही तशी व्हायला नको होती.

"अनिरुद्धला फोन लाव," तो म्हणाला. "रन थांबवायला सांग."

मी फोन लावला आणि सांगितलं. अनिरुद्ध हळहळला. फोन ठेवला तेव्हा मला संदीपचा चेहरा बघायचा होता. पण वर फक्त पाठ होती, स्वेटर घातलेली, आणि ती हलत नव्हती. मी तिच्यावर हात ठेवला. हाताखाली श्वास सुद्धा लागत नव्हता इतका त्याने तो धरून ठेवला होता.

मामा दारात उभे होते. ते कधी आले कुणास ठाऊक. "बंद पडलं व्हय?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती, ती मला ऐकू आली. मग त्यांनी पाठीकडे पाहिलं. पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि खाटेपाशी जमिनीवर, अगदी खाली, जिथून संदीपला ते दिसतील तिथे बसले.

"परत लावता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"येतंय," संदीप म्हणाला. "पण पाळी परत मिळायला पायजे. आन् डोळा पायजे." घरात तो असाच बोलतो, शिक्रापुरात बोलत नाही.

मामा जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "लाव की मंग. आम्ही हाय न्हवं सांगाया, काय दिसतंय ते."

मी त्या वेळी रडले. संदीपही रडला असावा, कारण आत्या धावत आल्या आणि डोळ्याला त्रास होईल म्हणून आम्हा तिघांना रागावल्या.

डॉक्टरांनी उठायची परवानगी दिली तेव्हा बुडबुडा बराच विरला होता. संदीप सांगायचा, नजरेत मध्ये एक आडवी रेघ आहे, डुचमळणारी, तिच्या वरचं दिसतं आणि खालचं नाही. ती रेघ दिवसेंदिवस खाली खाली गेली. त्याला आत्यांचा चेहरा दिसला, मामांचं पागोटं दिसलं, माझी साडी कोणत्या रंगाची ते त्याने बरोबर सांगितलं. घरात पुरणपोळी झाली. आणि ऊस संपून रस्ते मोकळे झाले त्याच सुमाराला पडदा पुन्हा सुटला. दुसरं ऑपरेशन झालं, डोळ्यात तेल घातलं, पुढे ते काढलं. पडदा बसला, पण मधला भाग पूर्वीसारखा राहिला नाही. सरळ रेघा त्याला वाकड्या दिसतात. समोरचं माणूस ओळखतो, पण ते हसतंय की रडतंय हे कळायला त्याला आवाज लागतो.

आम्ही शिक्रापूरला परत आलो. संस्थेने त्याला सांभाळून घेतलं. तो नव्या पद्धतीने काम करायला शिकला. कॉम्प्युटर आता त्याला आकडे वाचून दाखवतो, इतक्या वेगाने की मला त्यातला एक शब्द कळत नाही. तो कानांना हेडफोन लावून बसतो आणि दीर्घिका ऐकतो. चित्रांची त्याला गरज उरली नाही. एकदा मी म्हटलं, दाखव ना, मी सांगते काय दिसतंय. तो म्हणाला, नको, आकडे जास्त नेमके असतात. त्याचं बरोबर होतं. बायकोच्या डोळ्यांवर कुणी शोधनिबंध लिहीत नाही.

आम्ही भांडलो नाही. घर नीट चाललं. मी शाळेत, तो संस्थेत, रविवारी भाजी, महिन्यातून एकदा न्हावरे. पण उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की मला कळायचं की मी कशाला मुकले आहे. ते दिवस भयंकर होते. मी तेव्हा रोज देवाला हेच सांगत होते की हे संपू दे. आणि आता दार लावून घेऊन त्या वासात मी ती पडवी शोधत होते, जिथे तो मला म्हणायचा, थांब, पुन्हा सांग. एवढी जवळ मी त्याच्या कधीच नव्हते. त्याच्या संकटात मला सुख झालं होतं, असं स्वतःशी म्हणतानासुद्धा मला भीती वाटते.

या वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी संदीपला शाळेत बोलवायचं ठरवलं. तो दरवर्षी नाही म्हणतो, यंदा हो म्हणाला. त्या हिवाळ्यानंतर आकडा बदलून लावलेला रन जमला होता. त्याची एक छोटी फिल्म आहे, तान्ह्या विश्वापासून दोन दीर्घिका एकमेकींत मिसळेपर्यंतची. ती त्याला पाठ आहे. दोन दीर्घिका भिडल्या की मोठा भडका होतो, सगळा पडदा उजळतो, तेवढं त्याला दिसतं, आणि त्यावरून पुढचं बोलत जातो. गेल्या वर्षी संस्थेत त्याने असंच केलं होतं. मी पाहिलं होतं.

आमच्या शाळेत कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या लोकांची मुलं आहेत. बीडची, लातूरची, बिहारची. हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर फिल्म सुरू झाली. संदीप भिंतीला पाठ देऊन बोलत होता, अधूनमधून वळून बघत होता. मी मागे दारापाशी उभी होते. फिल्म शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर अडखळत होती. संदीप म्हणाला, "आता बघा, दोघी भिडल्या. बघा कसा उजेड झालाय."

भिंतीवर काळोख होता. दोन फिकट ठिपके, एकमेकांपासून लांब.

पुढच्या ओळीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, अभी नहीं हुआ. दोनों दूर हैं."

संदीप थांबला. भिंतीकडे वळला. मग पुन्हा मुलांकडे तोंड करून हसत म्हणाला, "मग तुम्हीच सांगा, आता काय दिसतंय?"

सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. जिलेबी आहे सर. पंखा है, घूम रहा है. सर, त्याला शेपूट फुटली. सर, धूर निघतोय. दीर्घिका भिडल्या, भडका झाला, तशी मुलं बाकांवर चढली. संदीपने एकालाही थांबवलं नाही. प्रत्येकाचं ऐकत होता, हो हो म्हणत होता. मुख्याध्यापक टाळ्या वाजवत होते. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. गेल्या वर्षी दिसत होतं ते त्याला आता दिसत नव्हतं. भिंतीवरचा उजेड आणि काळोख यांतला फरक कळत नव्हता, आणि त्याने मला सांगितलं नव्हतं.

घरी जाताना मी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"दसऱ्यापासून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. त्याचा एक रन त्याच दिवशी संपणार होता, एक दिवस थांबू असं तो म्हणाला, मी थांबले नाही. पडद्याची कड पुन्हा सैल झाली होती. डॉक्टरांनी लगेच लेझर केलं. गेलंय ते परत येणार नाही, ते म्हणाले, उरलंय ते धरून ठेवायचा प्रयत्न करू. आधी यायला हवं होतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

परतताना एसटी वाघोलीत अडकली. पुढे उसाच्या ट्रॉलीचं चाक निघालं होतं म्हणे. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. संदीपने काळा चष्मा काढून खिशात ठेवला. मी म्हटलं, रन संपला असेल, फोनवर बघू का काही आलंय का?

"राहू दे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तुला कधी कळलं?"

"काल. मुलं ओरडली तेव्हा."

गाडी जरा पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

"मला वाटलं तुला केव्हाच कळलं असेल," तो म्हणाला. "तू काही विचारत नव्हतीस, म्हणून मला वाटलं, तुला विचारायचं नाहीये."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. खिडकीच्या उजेडात, अगदी जवळून, नीट. डावी पापणी अर्ध्यावर उतरली होती. डोळ्याच्या कोपऱ्यात औषधाचा पांढरा थर वाळला होता. कपाळावर दोन उभ्या आठ्या होत्या, त्या मी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. तो माझ्याशी बोलत होता, आणि बघत होता माझ्या खांद्याच्या जरा वर, जिथे कुणीच नव्हतं.